नगरच्या फ्लॅटमध्ये समुद्र पोचला, त्याची सुरुवात १८५४ च्या एका पुस्तकातून झाली होती

अहिल्यानगर जिल्ह्याला समुद्र नाही. चौदा तालुके फिरून या, कुठेही किनारा सापडणार नाही. आपलं मोठं पाणी म्हणजे भंडारदरा, मुळा धरण आणि शेवगावच्या बाजूला दिसणारं जायकवाडीचं बॅकवॉटर. समुद्र बघायचा तर मुंबई गाठायची, म्हणजे अडीचशे किलोमीटरचा प्रवास.

तरीही समजा, सावेडीतल्या एखाद्या फ्लॅटमध्ये तुम्ही चहाला गेलात आणि हॉलच्या कोपऱ्यात काचेची पेटी दिसली. आत खारं पाणी, तळाशी पांढरी वाळू, दगडांची छोटी कपार आणि त्या कपारीतून सारखा आत-बाहेर करणारा दोन बोटं लांबीचा निळाभोर मासा. हा डॅमसेल. प्रवाळांच्या समुद्रात राहणारा. दिसायला दागिना, पण स्वभावानं वाड्यावरचा भालदार. दुसरा मासा कपारीजवळ आला की हा सरळ अंगावर धावून जातो.

मासे पाळणारे लोक अशा माशाला ‘सेमी-अग्रेसिव्ह’ म्हणतात. म्हणजे समोर दिसेल त्याला खाणारा नाही, पण आपली हद्द सोडणाराही नाही.

आता प्रश्न असा पडतो की समुद्रापासून इतक्या लांब, दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यात, समुद्राचा मासा जगतो कसा? समुद्राचं पाणी टँकरनं तर येत नाही. मग ते येतं कुठून?

याचं उत्तर शोधत मागं गेलं की आपण इंग्लंडमधल्या एका गरीब, धार्मिक आणि कमालीच्या हट्टी माणसापाशी येऊन थांबतो. त्याचं नाव फिलिप हेन्री गॉस.

कारकून, शेतकरी, मास्तर आणि सगळीकडं नापास

गॉसचा जन्म ६ एप्रिल १८१० रोजी इंग्लंडमधल्या वूस्टर गावी झाला. वडील गावोगाव फिरून लोकांची छोटी चित्रं काढायचे. घरात पैशाची कायम ओढाताण. पण दोन गोष्टी पोराला घरातून मिळाल्या. एक म्हणजे वडिलांचा चित्रकलेचा हात, आणि दुसरी म्हणजे समुद्र. गॉसचं बालपण पूल नावाच्या बंदराच्या गावात गेलं. तिथं त्याच्या एका आत्याला निसर्गाची आवड होती. समुद्रफुलं, म्हणजे फुलासारखे दिसणारे ते किनाऱ्यावरचे प्राणी, भांड्यात खारं पाणी घेऊन त्यात ठेवता येतात, हे तिनंच त्याच्या डोक्यात घातलं.

पण आवडीनं पोट भरत नाही. सतराव्या वर्षी तो कारकून म्हणून कॅनडाच्या बाजूच्या न्यूफाउंडलँड बेटावर गेला. आठ वर्षं हिशेबाच्या वह्या लिहिल्या. फावल्या वेळात किडे गोळा केले, त्यांची चित्रं काढली. १८३२ मध्ये त्यानं सूक्ष्मदर्शकावरचं एक जुनं पुस्तक विकत घेतलं आणि त्याच वर्षी तो मनानं पुरता देवाकडं वळला. पुढं आयुष्यभर हे दोन्ही धागे त्याच्या हातात राहिले, एका हातात भिंग आणि दुसऱ्या हातात बायबल.

१८३५ मध्ये तो कॅनडात शेती करायला गेला. तीन वर्षांत शेती बुडाली. मग १८३८ मध्ये अमेरिकेच्या अलाबामात मळेवाल्यांच्या पोरांना शिकवायला गेला. तिथं गुलामांचे हाल बघून त्याचं मन विटलं आणि तो परत फिरला. इंग्लंडला आला तेव्हा वय जवळजवळ तीस, खिसा रिकामा. मात्र परतीच्या बोटीवर त्यानं आपल्या पहिल्या पुस्तकाचं लिखाण केलं होतं. ते १८४० मध्ये छापलं गेलं आणि गॉसला पहिल्यांदा वाटलं की आपण लिहून जगू शकतो.

जमैकाचं ऊन आणि डेव्हनचे खडक

१८४४ मध्ये नमुने गोळा करायला गॉस जमैकात गेला. दीड वर्ष राहिला. भोवती गरम पाण्याचा, प्रवाळांचा समुद्र. तिथं सॅम्युएल कॅम्पबेल नावाचा एक काळा तरुण त्याचा मदतनीस होता. रानातल्या पक्ष्यांची कॅम्पबेलची नजर इतकी तयार होती की गॉसच्या जमैकावरच्या कामात त्याचा मोठा वाटा आहे, आणि गॉसनं तो मोकळेपणानं मान्यही केला. त्या काळी गोरे संशोधक असं सहसा करत नसत.

परत आल्यावर १८४८ मध्ये त्यानं एमिली बाऊज हिच्याशी लग्न केलं. तो ३८ वर्षांचा, ती ४२ ची. तीही लिहिणारी, तितकीच श्रद्धाळू. पुढच्या वर्षी मुलगा झाला, एडमंड. त्या दिवशीच्या डायरीत गॉसनं मुलाच्या जन्माची नोंद केली आणि लगेच त्याच ओळीत जमैकाहून एक हिरवी पाकोळी आल्याचीही नोंद केली. यावरून पुढं लोक खूप हसले. पण त्याच्या लेखी दोन्ही देवाकडून आलेलीच होती.

सतत लिहून लिहून त्याची तब्येत ढासळली. डोकं दुखायचं, झोप लागायची नाही. हवापालटासाठी १८५२ च्या जानेवारीत तो बायको-मुलाला घेऊन डेव्हनच्या किनाऱ्यावर गेला. आजारी माणसानं खरं तर आराम करायचा. गॉस मात्र ओहोटीच्या वेळी गुडघाभर पाण्यात उतरायचा, हातात छिन्नी-हातोडी, आणि खडकावरची समुद्रफुलं दगडासकट सुटी करायचा.

इथंच खरी गोष्ट सुरू होते.

पाणी बदलायचं नाही, ही कल्पना आली कुठून?

समुद्राचे प्राणी घरी आणणं त्या काळी नवीन नव्हतं. आणले की दोन दिवसांत पाणी नासायचं आणि प्राणी मरायचे, हेही नवीन नव्हतं. १८४६ मध्ये अ‍ॅना थिन नावाच्या बाईंनी लंडनमध्ये घरी प्रवाळ जगवले होते. पण त्यासाठी घरातल्या नोकराला भांड्यातलं पाणी वरून खाली ओतत बसावं लागायचं, म्हणजे त्यात हवा मिसळेल. आज आपण जे काम वीस-पंचवीस वॅटच्या पंपाकडून करून घेतो, ते तेव्हा माणूस करत होता. पुढं त्यांनी भांड्यात समुद्री वनस्पतीही ठेवल्या. साधारण त्याच काळात रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञानं गोड्या पाण्यात दाखवून दिलं की मासे, गोगलगायी आणि पाणवनस्पती एकत्र ठेवल्या तर पाणी न बदलता सगळे जगतात.

गॉसनं हेच समुद्राच्या पाण्यात करून पाहिलं. वनस्पती उजेडात प्राणवायू सोडतात, प्राणी तो घेतात. प्राण्यांची घाण वनस्पतींच्या कामी येते. दोघांचं माप बरोबर जमलं की पाणी महिनोन्‌महिने स्वच्छ राहतं. आपल्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. शेण शेतात जातं, शेत चारा देतं, चारा गाईच्या पोटात जातो. गॉसनं हाच हिशेब काचेच्या भांड्यात बसवला.

१८५३ च्या मे महिन्यात लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जगातलं पहिलं सार्वजनिक मत्स्यालय उघडलं. तिथल्या काही टाक्यांसाठी प्राणी गॉसनं डेव्हनहून पुरवले होते. पुढच्या वर्षी, १८५४ मध्ये, त्याचं ‘द अ‍ॅक्वेरियम’ हे पुस्तक आलं. आतली रंगीत चित्रं त्यानं स्वतः काढलेली. तोवर अशा भांड्याला लोक वेगवेगळी नावं द्यायचे. ‘अ‍ॅक्वेरियम’ हा शब्द होता, पण तो पाणवनस्पतींच्या कुंडासाठी वापरायचे. गॉसच्या पुस्तकानं तो शब्द माशांच्या टाकीला कायमचा चिकटवला. आज संगमनेरच्या दुकानाच्या पाटीवर ‘अ‍ॅक्वेरियम’ लिहिलेलं दिसतं, ते या पुस्तकामुळं.

पुस्तकानं त्याला नऊशे पौंडांहून जास्त नफा मिळवून दिला. जन्मभर पैसे मोजून काढणाऱ्या माणसासाठी ही फार मोठी रक्कम होती.

मिठाची ती पुडी

आता आपल्या नगरच्या टँककडं परत येऊ.

गॉसपुढं एक अडचण उभी राहिली. किनाऱ्यावर राहणाऱ्याला खारं पाणी फुकट. पण आत, गावा-शहरात राहणाऱ्यांनी काय करायचं? समुद्राचं पाणी पिंपात भरून आगगाडीनं मागवायचं म्हणजे खर्च आणि खोळंबा. मग त्यानं रसायनांच्या दुकानात मिळणारे क्षार मिसळून पाणी बनवायचं ठरवलं.

१८५४ मध्ये त्यानं छापलेली कृती आजच्या मापात सांगायची तर अशी: साडेचार लिटरपेक्षा थोडं कमी साधं पाणी. त्यात साधारण १०० ग्रॅम खायचं मीठ, ७ ग्रॅम एप्सम सॉल्ट (जुन्या लोकांना जुलाबाचं मीठ म्हणून माहीत असलेलं), १३ ग्रॅमच्या आसपास मॅग्नेशियम क्लोराइड आणि अडीच ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड. पाणी गाळायचं, त्यात समुद्री शेवाळ सोडायचं, काही दिवस थांबायचं आणि मगच प्राणी सोडायचे.

प्राणी जगले.

ही कृती आज घरी करू नका. तिच्यात कॅल्शियमसारखे काही जरुरी घटक नाहीत आणि आता तयार समुद्री मीठ पिशवीत मिळतं. पण विचार करा, समुद्राचा समुद्राशी असलेला संबंधच या माणसानं तोडला. पाणी कुठलंही घ्या, पुडी टाका, समुद्र तयार. नगरला, लातूरला, नागपूरला खाऱ्या पाण्याचा मासा पोचतो तो याच वाटेनं.

आजचा टँकवाला काय करतो? बोअरचं पाणी जड असतं म्हणून आरओचं पाणी घेतो. लिटरला साधारण ३५ ग्रॅम समुद्री मीठ मिसळतो. मग गॉससारखाच थांबतो, फक्त काही दिवसांऐवजी काही आठवडे. कारण माशाच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो आणि तो विषारी असतो. वाळूत आणि दगडांत वाढणारे जिवाणू आधी त्याचं नायट्राइट करतात आणि मग त्यामानानं सौम्य असं नायट्रेट. ही जिवाणूंची वस्ती बसल्याशिवाय मासा सोडला तर तो मरतो. गॉसच्या काळी जिवाणूंचं हे काम कुणाला माहीत नव्हतं, पण थांबायचं असतं हे त्याला अनुभवानं कळलं होतं.

नगरच्या टँकवाल्याच्या वाट्याला दोन जादा दुखणी आहेत. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि माशाला हवं असतं २४ ते २७ अंशांचं पाणी. म्हणून पंखा नाहीतर चिलर लागतो. आणि दुसरं म्हणजे वीज. लाईट गेली की पंप बंद, पंप बंद की हवा बंद. इन्व्हर्टर नसेल तर अ‍ॅना थिनबाईंच्या नोकरासारखं मग्यानं पाणी ओतत बसायचं.

आणि तो भांडखोर डॅमसेल? त्याच्याबाबत एकच नियम लक्षात ठेवायचा. भांडणारा मासा सगळ्यात शेवटी सोडायचा. आधी सोडला तर पूर्ण टँक त्याच्या सातबाऱ्यावर चढतो आणि नंतर येणारा प्रत्येक जण अतिक्रमण करणारा ठरतो. समुद्रात हरलेला मासा पळून जाऊ शकतो. चार फुटांच्या काचेत तो पळणार कुठं? म्हणून लपायला दगड भरपूर द्यायचे आणि मासे कमी ठेवायचे.

लाट आली, आणि किनारा धुऊन गेली

गॉसचं पुस्तक योग्य वेळी आलं होतं. इंग्लंडनं १८४५ मध्ये काचेवरचा कर उठवला होता, त्यामुळं काच स्वस्त झाली होती. आगगाडी किनाऱ्यापर्यंत पोचली होती. मध्यमवर्गाच्या हातात सुट्टी आणि थोडा पैसा आला होता. त्यात गॉसनं नेमकं काय, कुठं आणि कसं शोधायचं हे चित्रांसकट सांगून टाकलं. १८५५ मध्ये त्यानं टँक कसा लावावा याची छोटी स्वस्त पुस्तिकाही काढली. लंडनमध्ये फक्त मत्स्यालयाचं सामान आणि जिवंत प्राणी विकणारं दुकान निघालं.

आजच्या भाषेत सांगायचं तर गोष्ट व्हायरल झाली. सुट्टीच्या दिवशी बादल्या, जाळ्या, छिन्न्या घेऊन लोकांची झुंबड डेव्हनच्या किनाऱ्यावर उतरू लागली. प्रत्येकाला एक तरी समुद्रफूल हवं होतं. बहुतेकांना पाण्याचा समतोल साधता आला नाही. टाक्या नासल्या, प्राणी मेले, लोकांनी परत जाऊन नवे आणले. दहा-बारा वर्षांत हौस ओसरली. पण तोवर गॉसनं ज्या खडकांतल्या डबक्यांची चित्रं काढली होती, त्यातली कितीतरी उजाड झाली होती.

त्याचा मुलगा एडमंड पुढं मोठा साहित्यिक झाला. १९०७ मध्ये त्यानं बापलेकाच्या नात्यावर एक पुस्तक लिहिलं. लहानपणी वडिलांबरोबर पाहिलेला, फुलांनी भरलेला तो किनारा आता कुणालाच दिसणार नाही, असं त्यानं त्यात फार दुःखानं सांगितलं आहे. तो किनारा आपल्याच पुस्तकांनी रिकामा केला, ही गोष्ट बापाला आतून खात होती, हेही त्यानं नोंदवलं. देवानं निर्माण केलेलं सौंदर्य लोकांना दाखवावं एवढीच ज्याची इच्छा होती, त्याच्याच बोटानं लोकांना तिथवरची वाट दाखवली होती.

घरातलं वादळ

गॉसचं पुढचं आयुष्य सोपं गेलं नाही. १८५६ मध्ये रॉयल सोसायटीनं त्याला सदस्य करून घेतलं. शाळा अर्ध्यावर सुटलेल्या कारकुनासाठी हा मोठाच मान होता. पण त्याच सुमारास एमिलीला स्तनाचा कर्करोग असल्याचं कळलं. फार वेदनादायक उपचार झाले, उपयोग झाला नाही. फेब्रुवारी १८५७ मध्ये ती गेली. एडमंड तेव्हा सात वर्षांचा होता.

त्याच वर्षी गॉसनं ‘ओम्फॅलोस’ नावाचं पुस्तक काढलं. या ग्रीक शब्दाचा अर्थ बेंबी. पृथ्वी फार जुनी आहे असं भूगर्भशास्त्रज्ञ दाखवून देत होते आणि गॉसची बायबलवरची श्रद्धा तसूभरही ढळत नव्हती. मग त्यानं तोड काढली. देवानं आदमला घडवलं तेव्हा त्याला बेंबी दिली असणार, जरी तो आईच्या पोटातून आला नव्हता. तसंच पृथ्वीही जन्मतःच जुनी दिसेल अशी, खडकांतल्या जीवाश्मांसकट घडवली गेली. त्याला वाटलं, आता धर्म आणि विज्ञान यांचं भांडण मिटेल. झालं उलटंच. शास्त्रज्ञ हसले आणि श्रद्धाळूंना देव फसवणूक करतो हे पटेना. पुस्तक पडून राहिलं.

बायको गेलेली, पुस्तक पडलेलं. गॉस मुलाला घेऊन डेव्हनमधल्या सेंट मेरीचर्च गावी कायमचा राहायला गेला. पुन्हा ओहोटी, पुन्हा डबकी, यावेळी सोबतीला छोटा एडमंड. या काळात त्यानं ब्रिटनच्या समुद्रफुलांवरचा मोठा ग्रंथ पुरा केला.

बाप म्हणून तो प्रेमळ होता आणि तितकाच कडकही. नाताळ साजरा करणं त्याला पाप वाटायचं. एकदा नोकरांनी एडमंडला गुपचूप नाताळचं पुडिंग खाऊ घातलं, तर गॉसनं उरलेलं पुडिंग उकिरड्यावर नेऊन फेकलं. अशा घरात पोरगं मोठं झालं आणि शेवटी वडिलांच्या श्रद्धेपासून दूर गेलं. निसर्गात देवाची खूण वाचणाऱ्या माणसाला स्वतःच्या मुलाचं मन वाचता आलं नाही.

१८६० मध्ये त्यानं एलायझा ब्राइटवेनशी दुसरं लग्न केलं. म्हातारपणी ऑर्किडची फुलं वाढवली. सत्तरी उलटल्यावर पाण्याच्या थेंबात राहणाऱ्या सूक्ष्म जीवांवरच्या मोठ्या ग्रंथाला हात लावला. २३ ऑगस्ट १८८८ रोजी तो वारला. भिंग आणि बायबल, दोन्ही शेवटपर्यंत सुटलं नाही.

मग आपण यातून काय घ्यायचं?

गॉसच्या काळी प्रश्न डेव्हनच्या खडकांचा होता. आज तो प्रवाळांच्या समुद्राचा आहे. बाजारात येणारे डॅमसेलसारखे बरेचसे समुद्री मासे अजूनही समुद्रातूनच पकडून आणतात. मासा मेला की दुसरा आणायचा, ही सवय डेव्हनमध्ये बादल्या घेऊन उतरलेल्या लोकांची होती आणि तिचा शेवट काय झाला ते आपण पाहिलं.

पण आपल्या हातात त्यांच्यापेक्षा जास्त पर्याय आहेत. केशरी-पांढरा क्लाउनफिश, म्हणजे पोरांचा ‘निमो’, आता हॅचरीत पैदा होतो. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं भारतात ते करून दाखवलं आहे आणि आपल्या महाराष्ट्रात ऐरोलीलाही मँग्रोव्ह फाउंडेशननं क्लाउनफिशची पैदास सुरू केली. हाही थोडा भांडखोरच, पण टँकमध्ये जन्मलेला असल्यानं काचेच्या घराची त्याला सवय असते आणि त्याच्यासाठी समुद्र रिकामा होत नाही.

कायद्याचंही ध्यानात ठेवा. खडकाळ प्रवाळ आणि समुद्रघोडे यांना २००१ पासून वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. मालवणला फिरायला गेलात आणि सुंदर प्रवाळाचा तुकडा दिसला, तर तो बघा, फोटो काढा आणि तिथंच राहू द्या.

आणि दुकानात माशाची किंमत विचारण्याआधी एक प्रश्न विचारा: हा हॅचरीचा आहे की समुद्रातून पकडलेला? दुकानदाराला उत्तर माहीत नसेल तर घाई करू नका. टँकमध्ये जिवाणूंची वस्ती बसायला तसेही काही आठवडे लागणारच आहेत.